मामाची डावी बाजू

कर्जतजवळच्या चौक गावात माझा मामा राहतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून त्याने टेंपो चालवला आणि त्या सगळ्या काळात कुणाला साधा धक्का लागला नाही, असं तो स्वतः सांगतो. मी त्यात थोडी भर घालतो. मी सांगतो की मामाचा टेंपो दिसला की खड्डे आपणहून कडेला सरकत, आणि त्याने चौकच्या नाक्यावर हॉर्न दिला की खोपोलीचा टपरीवाला चहा टाकायचा. मामा पोचेपर्यंत बरोबर दुसरी उकळी. लोक म्हणतात, हा फेकतो. फेकतोच. पण मामाच्या बाबतीत फार लांब फेकावं लागत नाही, हात जरा सैल सोडला तरी पुरतं.

भाताच्या गोण्या, मंडपाच्या खुर्च्या, पेणच्या गणपतीच्या मूर्ती, एकदा तर रुसून निघालेली एक नवरी आणि तिच्या माहेरची म्हैस एकाच फेरीत, असं सगळं त्या टेंपोने वाहिलं. क्लीनर मात्र कधी ठेवला नाही. क्लीनरच्या जागी मामी बसायची. तिचं काम डावीकडे बघायचं. दाराच्या पत्र्यावर बांगड्यांच्या हाताने एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. मधल्या वेळात ती बोलायची. चौक ते कर्जत एवढ्या वाटेत ती तीन गावांच्या सोयरिकी मोडून पुन्हा जुळवायची, आणि तेवढ्यातच एक थाप मारून कुणा सायकलवाल्याचा जीवही वाचवायची.

यंदा भाताची लावणी आटोपली आणि मामाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा जागेवर राहिली, पाय थोडा ओढत का होईना चालू लागला. डावा हात मात्र नवीन जावयासारखा नुसता मांडीवर बसून राहिला, काम म्हणून करेना. आणि डावा हात म्हणजे गिअरचा हात. व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपीची ताई कर्जतला, म्हणून मामा-मामी कर्जतला लागून असलेल्या भिसेगावात माझ्याकडे राहायला आले. टेंपो चौकच्या अंगणात, ताडपत्रीखाली.

मामाला एकच गोष्ट हवी होती. ती त्याने आल्या दिवशीच, चहाची बशी खाली ठेवायच्या आत सांगून टाकली.

"दसऱ्याला गाडीला हार मी घालनार, नि गाडी बी मीच चालवनार."

"हात गिअर टाकाय लागला तर चालवा," मामी म्हणाली. "नायतर खोपोलीचं गिऱ्हाईक तयार हाय. उभी गाडी गंजवून मला तिच्यात कोंबड्या पाळायच्या नायत."

"गिऱ्हाईकाला सांग, दसरा झाल्यावर ये."

"सांगितलंय."

एवढं झाल्यावर दोघांनी चहा संपवला. आमच्या घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर त्या दिवसापासून दसऱ्याच्या पानावर उघडं राहिलं. मधले महिने आम्ही अंदाजाने काढले.

ताईने एक मऊ चेंडू दिला होता, डाव्या हातात धरून दाबायला. मामाचं म्हणणं, मी काय रांगतं पोर हाय? चेंडू हातात ठेवला की तिथेच राहायचा, जणू मामा त्याला विसरून गेला. ताईने आणखी एक सांगितलं होतं : "त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलत जा." हे कशासाठी ते विचारायला हवं होतं, पण तोवर पुढचा पेशंट आत येऊन कण्हायला लागला. माझ्या बायकोने रिक्षात अर्थ लावला की काळीज डावीकडे असतं, म्हणून. आम्हा सगळ्यांना पटलं. मामी रोज डावीकडे बसून बोलू लागली आणि मामा ढिम्म. हूं नाही की चूं नाही. तेच मी उजवीकडून हाक मारली की पटकन वळायचा.

"रुसलेत," मामी बायकोला म्हणायची. "गाडी इकायचं बोलले ना मी."

आता माझं सांगतो. मी खोपोलीला कारखान्यात पाळीवर जातो आणि घरी येऊन गाड्या पळवतो. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याने खेळायची खोली मोडून तिथे पोहण्याचा टाकीएवढा तलाव केला, तेव्हा तिथलं सामान मी उचलून आणलं : गेमचं मशीन, टेबलाला आवळायचं स्टिअरिंग, पायात तीन पेडलं आणि गिअरचा सुटा दांडा. त्यात एकच गेम चांगला चालतो. परदेशातलं कुठलंसं शहर, दिव्यांनी लखलखलेले रस्ते, आणि त्यावर चोरून लावलेल्या शर्यती. एकेक शर्यत जिंकली की गाडीला नवीन भाग मिळतात, रंग मिळतात. एकेक प्रतिस्पर्धी हरवत जायचं. सगळ्यांच्या वर निळ्या गाडीवाला एक. त्याला हरवलं की शहर आपलं. मी या गेममध्ये इतका तयार झालो होतो की आमच्या हॉलमध्ये टायर जळल्याचा वास येतो म्हणून शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली होती. निळ्याला मात्र मी अजून हरवलं नव्हतं. कुणाचं मन मोडायचा माझा स्वभाव नाही.

मामा माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसून हे बघायचा. दोन-तीन संध्याकाळी नुसतं बघितलं. मग म्हणाला,

"भाच्या, तुझा ड्रायव्हर क्लीनरच्या जागी का बसलाय रं?"

"तिकडं तसंच असतं मामा. स्टिअरिंग डावीकडं."

"नि सगळा गाव राँग साईडनं चाललाय."

"तिकडं ती राईट साईड."

मामाने त्या देशाबद्दल जे काही म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "गाडीचं पोट बघ. रस्त्याला चाटतंय. भिसेगावच्या गतिरोधकावर हिची आतडी बाहेर येतील."

"मग तू कर नीट. इथं सगळं बदलता येतं. स्प्रिंगचे पाटे, चाकं, रंग, काय पायजे ते."

मी उठलो आणि त्याला ओढून माझ्या खुर्चीत बसवलं. गिअरचा दांडा सोडवून टेबलाच्या डाव्या अंगाला आवळला, आपल्या गाडीत असतो तिथे. मामाने स्टिअरिंगला उजवा हात लावला आणि मी शपथेवर सांगतो, मशीनचा आवाज बदलला. आधी घरघरायचं, ते घुमायला लागलं.

पहिले कित्येक दिवस तो शर्यतीत उतरलाच नाही. गॅरेजमध्येच रमला. गेममधलं ते गॅरेज म्हणजे असं की पडद्यावर गाडी उभी, आणि आपण हवं ते लावायचं. मामाने पहिल्यांदा गाडी उंच केली. इतकी उंच केली की खालून बकरी जाईल. मागे पंखासारखी फळी होती, ती काढली. "कपडे वाळत घालायची दांडी," म्हणाला. चाकं साधी घातली. रंग टेंपोचा, खाली पिवळा, वर तपकिरी. त्या गेममध्ये चिकटवायला चित्रं होती ती सगळी कवट्यांची नि आगीच्या लोळांची. मामाला लिंबू-मिरची हवी होती. ती मिळेना, तेव्हा त्याने एक पिवळा गोल घेतला, त्याखाली हिरव्या रेघा एकेक करून लावल्या आणि बंपरला टांगली. जगातल्या कुठल्याच खेळाडूने एवढी सुंदर लिंबू-मिरची त्या मशीनमध्ये केली नसेल, निदान कर्जत तालुक्यात तरी नाही.

मग बॉनेटवर अक्षरं. मशीनला फक्त इंग्रजी अक्षरं येत होती, म्हणून मामाने काठ्या जोडून मराठी लिहिलं. 'आईची कृपा'. नुसत्या 'ई'ला एक अख्खी संध्याकाळ गेली. झाल्यावर मी लांबून बघितलं. सगळं लिखाण बॉनेटच्या मध्यापासून सुरू होऊन उजव्या कडेला दाटीवाटीने कोंबलेलं, शेवटचा 'पा' जवळजवळ दिव्यावर. डावा अर्धा भाग कोरा करकरीत.

"मामा, अर्धी जागा रिकामी राहिली."

त्याने बघितलं. "असू दे. तिकडं मामीचं नाव घालीन."

मामी स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. दिवसभर तिने कुणालाच टोमणा मारला नाही.

मग एकदाची शर्यत. मामाने इंडिकेटर शोधला, नव्हता. हॉर्न होता, तो त्याने सुरू व्हायच्या आधीच दोनदा दिला. बाकीच्या गाड्या बंदुकीतून सुटल्यासारख्या गेल्या आणि मामा पहिला, दुसरा, तिसरा असे रीतसर गिअर टाकत, म्हणजे डावा हात उजव्या हाताने उचलून दांड्यावर ठेवत, संथ निघाला. वळण आलं की पुन्हा हॉर्न. शेवटून पहिला आला. पण कुणाला धक्का लागला नाही.

त्याला नाद लागला. आणि त्या नादात एक गंमत झाली, जी ताईच्या चेंडूने होईना : डावा हात हलायला लागला. आधी बोटं दांड्याभोवती वळली. गौरी-गणपतीच्या सुमाराला दुसरा गिअर पडू लागला. चेंडू बायकोने मांजराला देऊन टाकला. मामा आता मधल्या प्रतिस्पर्ध्यांना हरवू लागला. एक टकल्या होता, एक गॉगलवाली होती, त्यांना तर त्याने असं धुतलं की ती गॉगलवाली पुढच्या शर्यतीला गॉगल काढून आली. एका बटणाने गाडी क्षणभर उधळते, त्याला मामा 'चोक' म्हणायचा आणि तो जपून वापरायचा, कारण चोक फार ओढला की इंजिनात पेट्रोल तुंबतं.

फक्त निळा हरेना. आणि हरेना म्हणजे कसा, तर मामा शेवटच्या वळणापर्यंत पुढे असायचा. मग निळा मागून यायचा, डाव्या अंगाने सरळ पुढे निघून जायचा, आणि मामा हूं की चूं न करता जाऊ द्यायचा. ना अडवणं, ना चोक.

"मामा, आडवा का नाय गेलास? केवढा जवळनं गेला तो."

मामाने पडद्याकडे बघितलं. निळा तेव्हा पुढे होता, बरोबर समोर. "साईड दिली त्याला," तो म्हणाला. "मागनं एवढा घाईत आलेला मानूस. घरी कुनी आजारी असंल."

"अरे मामा, तो कॉम्प्युटर आहे."

"मग त्याला घर नाय काय?"

ही गोष्ट मी कारखान्यात सांगितली. कॅन्टीनमध्ये सांगितली, स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडवर सांगितली. आमचा मामा कॉम्प्युटरला साईड देतो. दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. शेवटी शेवटी मामा निळ्याला थांबवून पाण्याची बाटलीही द्यायचा. लोक हसायचे आणि मग म्हणायचे, असा ड्रायव्हर आता होणे नाही.

घरीही मामाचा असाच लौकिक पसरला होता. सुकटीची चटणी म्हणजे मामाचा जीव की प्राण. पण आजारानंतर त्याने ताटातल्या चटणीला बोट लावणं सोडलं. मीठ, लिंबाची फोड, लोणचं, डाव्या बाजूला वाढलेलं सगळं तसंच राहायचं. मामी ताट उचलताना बघायची आणि बायकोला सांगायची, "डाक्टरनं खारट बंद सांगितलं, नि ह्या मान्सानं एका शब्दात सोडलं बघ. साधू झालेत." चौकला फोन करून तिने ही बातमी पाचपन्नास घरांत पोचवली होती.

पितृपक्षात तिसरा गिअर पडला. चौथाही पडला. मामाने डावा हात वर करून मामीला दाखवला, मूठ वळून, उघडून.

"बग. लागला का नाय कामाला?"

"लागला," मामी म्हणाली. ती त्याच्या डावीकडे उभी होती. तो समोरच बघत राहिला. ती फिरून उजवीकडे गेली आणि पुन्हा म्हणाली, "लागला म्हन्ते ना. गिऱ्हाईकाला नको म्हनून सांगते."

मामा हसला. नवे ब्रेक लायनर आणायला पाहिजेत, म्हणाला.

त्याच आठवड्यात ताटाचा प्रकार झाला. बायकोला कामावर जायची घाई होती, तिने दोन्ही हातांत दोन ताटं आणली आणि मामाचं ताट चुकून फिरवून ठेवलं. म्हणजे चटणी-लिंबू उजवीकडे, आणि भाजी नि कालवणाची वाटी डावीकडे. तिने जीभ चावली, पण मामाने तोवर भाकरी मोडली होती. आणि तो सुकटीच्या चटणीवर असा तुटून पडला की दोन-अडीच महिन्यांचा उपास फिटला. बोटं चाटली. मीठ घेतलं. मग म्हणाला,

"सूनबाई, आज कालवण नाय केलंस?"

वाटी त्याच्या कोपराला लागत होती. वाफ निघत होती तिच्यातून.

बायको काही बोलणार, तर मामीने तिला हाताने थांबवलं. मामी पुढे वाकली आणि ताटाला एक बोट लावून ते अर्धं फिरवलं. नुसतं बोट लावून, देवापुढचा दिवा नीट करावा तसं. वाटी उजवीकडे आली.

"हां, हाय की," मामा म्हणाला आणि वाटीत भाकरी बुडवली.

मामी तिथेच बसून राहिली. मग ती हळूच उठली, त्याच्या डाव्या अंगाला गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अवो, ऐकता का." मामा जेवत होता. ती पुन्हा म्हणाली. मग उजवीकडे येऊन म्हणाली, "अवो." मामाने वर बघितलं. "काय गं?"

"काय नाय. जेवा तुमी."

स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि बायकोला म्हणाली, "रुसले नव्हते गं ते." एवढंच. पण ते बोलताना तिचा चेहरा मी बघितला. रडू आणि हसू एकाच दारातून बाहेर पडायला बघत होते.

दुसऱ्या दिवशी ताईकडे आम्ही सगळेच गेलो आणि या वेळी नीट विचारलं. ती म्हणाली, डोळे ठीक आहेत. मेंदूला डावीकडे बघायची आठवण राहत नाही. डावीकडचं जग आहे, पण त्यांच्या लेखी कुणी ते वाढलेलंच नाही. म्हणून तर डावीकडे बसून बोला म्हटलं होतं, म्हणजे मान तिकडे वळायची सवय लागेल. सुधारेल, हळूहळू. आणि गाडी? ताईने मान हलवली. एवढ्यात नाही. रस्त्यावर अजिबात नाही.

मामा आमच्या मधोमध बसून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "पोरगी शिकलेली हाय. पन गाडी कधी चालवली नाय तिनं. मला सगळं दिसतंय."

त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. ताईने सांगितल्याप्रमाणे मामीने टीव्हीच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवली. ती फीत दिसेपर्यंत मान वळवायची, असा व्यायाम. मामा म्हणाला, दुकानाचं उद्‌घाटन हाय का? तरीही तो खुर्चीत बसला. फितीकडे एकदा बघायचा, मग गाडी सुटली की विसरायचा. निळा आला, डावीकडून गेला. पुन्हा शर्यत लावली. पुन्हा गेला.

"साईड दिली," मामा म्हणाला. पण या वेळी जरा हळू म्हणाला.

तेव्हा मामी प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली आणि त्याच्या डाव्या हाताला, अगदी गिअरच्या दांड्याशेजारी बसली. पदर खोचला. "लावा परत," म्हणाली.

तुम्हाला सांगतो, ती शर्यत कर्जतच्या मैदानावर झाली असती तर डोंगरावरून लोक उतरले असते. मामाने गाडी काढली. मामीचा हात टेबलाच्या पत्र्यावर. पहिल्या चौकात तिने एक थाप मारली, आणि डावीकडच्या हाकेला न वळणाऱ्या मामाने त्या जुन्या थापेला मात्र सवयीने ब्रेक दाबला, आणि डावीकडून एक ट्रक समोरून आडवा गेला. दोन थापा, मामा निघाला. मामीची जीभही सुटली होती. "टकल्या मागं पडला. रस्ता मोकळा हाय. ही बया काय चालवते का दळण दळते, काढा तिच्या बाजूनं." शेवटचं वळण आलं.

"आला," मामी म्हणाली. "निळा. डावीकडनं. मागच्या चाकाशी हाय. आता दाराशी."

मामाने डावीकडे न बघताच स्टिअरिंग अंगठाभर डावीकडे घेतलं. निळ्याची वाट बंद झाली. तो ब्रेक मारून मागे पडला, पुन्हा आला, मामीने पुन्हा थाप मारली, मामाने पुन्हा वाट बंद केली. मग चोक ओढला. तपकिरी-पिवळी गाडी, बकरी जाईल एवढी उंच, लिंबू-मिरची उडवत पहिली आली. मी उडी मारली ती पंख्याला लागली. बायकोने शिट्टी घातली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तिला शिट्टी येते हे मला ठाऊक नव्हतं.

मामा हसला नाही. पडद्यावर फटाके उडत होते, त्याच्या नावाने शहर झालं होतं, आणि तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसला होता.

"उठ जरा," तो मामीला म्हणाला. "तिकडं जाऊन बस. बोलू नको."

मामी स्टूल घेऊन दाराशी गेली. मामाने एकट्याने शर्यत लावली. हरला. मामीला बोलावलं, लावली, जिंकला. पुन्हा लांब पाठवलं, हरला. असं त्याने किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. दूधवाला येऊन गेला, दिवे लागले, मामी स्टूल उचलून नेत होती आणि आणत होती आणि एकदाही का म्हणून विचारत नव्हती.

शेवटी त्याने मशीन बंद केलं.

"तू असलीस की निळा येतो," तो म्हणाला. "नसलीस की तो येतच नाय, एकदम पुढंच दिसतो."

"व्हय."

"मग मी साईड कधी दिली?"

मामीने स्टूल जवळ ओढलं. मामा डाव्या हाताकडे बघत होता. तो हात छान मूठ वळत होता, उघडत होता, शब्दाप्रमाणे दसऱ्याच्या आत तयार झाला होता.

"गाडीत तू असतेसच की," तो म्हणाला. त्याने हे विचारून बघितलं, असं मला वाटलं.

"असते," मामी म्हणाली. "पन मला शिंक आली तर? एखादवेळेस डुलकी लागली तर? पडद्यावरचा निळा परत उठून शर्यत लावतो. आपल्या रस्त्यावर शाळेची पोरं चालतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने माझ्याकडे लायसन्स मागितलं. माझं. ते उलटसुलट करून बघितलं.

"टेंपो चालतो ह्याच्यावर?"

"चालतो. पण मामा, मी पडद्याबाहेर फार..."

"ठावं हाय. मी शिकवीन."

दसऱ्याला आम्ही चौकला गेलो. ताडपत्री काढली, टेंपो धुतला. झेंडूचा हार मामाने घातला, गंध-अक्षता लावल्या, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मग तो ड्रायव्हरच्या जागी चढून बसला आणि चावी फिरवली. टेंपो पहिल्या हाकेला उठला. मामी डावीकडे आपल्या जागी होती. अंगण मोकळं, फाटक बंद, मी पुढे उभा. मामाने पहिला गिअर टाकला, स्वतःच्या डाव्या हाताने, आणि गाडी लिंबांवरून पुढे घेतली. लिंबं फुटली. तेवढ्यावर त्याने ब्रेक लावला, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरला. तो बॉनेटला हात लावत पुढून फिरून डाव्या दाराशी आला. इथे तो दार शोधत जरा चाचपडला, पण कुणी हात दिला नाही. दार उघडून मामीला म्हणाला, "सरक."

मामी मधे सरकली. मामा क्लीनरच्या जागी बसला.

"चल रं भाच्या. नि क्लच अर्धा सोडून ठेवू नको, जळेल."

ताईचं ऐकल्यावर मामीने गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवलंच नव्हतं. दुपारी ते खोपोलीचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा मामाने त्याला सोनं दिलं, म्हणजे आपट्याचं पान, आणि म्हणाला, "गाडीचा ड्रायव्हर बदलला. गाडी तीच हाय, इकायची नाय." ते गिऱ्हाईक अजून मला रस्त्यात दिसलं की मीच ड्रायव्हर का, म्हणून विचारतं आणि हसतं. आता रोजच्याला पगारी ड्रायव्हर आहे. माझ्या सुट्टीच्या दिवशी मात्र गाडी माझ्याकडे, आणि क्लीनर रोज एकच : मामा.

ताई म्हणते, याहून चांगला व्यायाम तिला सुचला नसता. दिवसभर डावीकडे बघायचं, हेच काम. सुरुवातीला मामी मधे बसून त्याला कोपराने ढोसायची, मग तो बघायचा, मग थाप मारायचा. म्हणजे थाप पोचेपर्यंत मी पुढच्या गावात. कळंबच्या एका फार्महाऊसचं फाटक मी त्याच्या भरवशावर असं घासलं की मालकाला दोन रंगांचं फाटक मिळालं.

परवा भाताच्या गोण्या घेऊन कळंबहून येत होतो. ऊन वर आलं होतं, मामी नवरात्रातलं कुणाचंसं भांडण सांगत होती, अगदी रंगात येऊन. मी डावीकडे एका गल्लीत वळायला घेतलं आणि पत्र्यावर एक थाप पडली. मी ब्रेक दाबला. मामीने बोलणं अर्ध्यात सोडलं आणि मामाकडे बघितलं, कारण तिने त्याला ढोसलं नव्हतं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"काय हाय?" मी विचारलं.

"कुत्री हाय," मामा म्हणाला. "पिल्लं हायत तिच्यासंगं. पुढच्या चाकाशी."

मी उतरून बघितलं. होती. सावलीत आडवी पडलेली, आणि तिला लागून पिल्लं, तळहाताएवढी. मी त्यांना हलवायला गेलो तर कुत्री गुरगुरली, म्हणून तशीच मागे गाडी घ्यायची ठरली. मामा खाली उतरला, मागे जाऊन डाव्या अंगाला उभा राहिला आणि हात हलवत ओरडला, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." मामी खिडकीतून मान बाहेर काढून त्याच्याकडे बघत होती. भांडण कुठवर आलं होतं ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, थांब रं जरा, बघू दे मला.